कार्ड माझ्या बॅगेत होतं

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं अनुभवी असतात, त्यांना नीट मांडता येतं. मी तळोज्यात राहणारा, खारघरच्या एका कॉलेजात आयटीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेचे पेपर सोडले तर एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही... चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. सुट्टीत गावी, साताऱ्याकडे गेलो की चुलते अंगणात बसून चकव्याच्या गोष्टी सांगायचे, आणि मीच मध्ये 'बॅटरीचा उजेड का नाही मारलात?' असं विचारून सगळ्यांचा विरस करायचो. आजही विश्वास बसलाय असं मला म्हणवत नाही. पण गेल्या दसऱ्यापासून मला एका कामाची शाबासकी मिळत आलीय आणि ते काम मी केलेलं नाही. कंपनीच्या ऑफिसात बोलावून मला पेढे दिले, ते मी खाल्ले. तेव्हापासून मनाला बरं वाटत नाही, म्हणून लिहितोय.

माझे बाबा तळोजा इंडस्ट्रियल एरियातल्या एका लहान केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, बाबा अजून तिथंच आहेत. ते शेड नंबर दोनमध्ये ड्रम भरतात. टाकीतून पाइपने केमिकल येतं, ते ड्रममध्ये घ्यायचं, झाकण आवळायचं, ड्रम गडगडत गाडीपर्यंत न्यायचा. त्या केमिकलची वाफ जास्त झाली तर छाती धरते आणि माणूस जागेवर बसतो. म्हणून शेडच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे. हवेत गॅस वाढला की तिला कळतं. पेटीपासून गेटवरच्या केबिनपर्यंत जमिनीखालून वायर गेलेली होती आणि केबिनमध्ये एक जुना कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर वाजला की वॉचमन भिंतीवरचं हूटरचं बटण दाबणार, आणि हूटर ऐकून शेड रिकामी होणार. अशी पद्धत. शेडमध्येच भोंगा का नाही, असं तुम्ही विचाराल. होता. वाफेने गंजून गेला.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर तो कॉम्प्युटर बंद पडला.

आम्ही ज्या चाळीत भाड्याने राहतो ती म्हात्रे काकांची. काका इथलेच, आगरी. त्यांची शेती या एरियासाठी गेली आणि तिच्या बदल्यात त्यांना याच कंपनीत इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली नोकरी लागली. आता रिटायर आहेत, पण कंपनीत काही जुनं बिघडलं की साहेब त्यांनाच फोन करतात. या वेळी काकांनी साहेबांना परस्पर सांगून टाकलं, "आमचे चालीन एक पोऱ्या हाय, कंप्युटर शिकतंय. त्याचा बाप तुमचेकडंच हाय."

मी घाबरलो. काकांना म्हटलं, "काका, मी फक्त शिकतोय. मला जमलं नाही तर?"

"नाय जमला तं नाय जमला. पन तुझा बाप त्या शेडमंदी हाय, म्हंजे तू टायमपास नाय करनार. दुसरा कोनी करंल."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी गेटवर गेलो.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली होती. ती मी कॉलेजच्या भंगारातली एक आणून बदलली. आतल्या घड्याळाचा सेलही नवीन घातला. खरा प्रश्न होता पेटीची वायर ज्याला जोडतात त्या नेटवर्क कार्डाचा. ही वायर आजच्यासारखी चौकोनी पिनेची नव्हती. जाड, काळी, टीव्हीच्या केबलसारखी, टोकाला गोल पितळी तोंड. तसं गोल तोंड असलेलं कार्ड आता कुणी बनवत नाही, म्हणजे जुनंच कार्ड चालवायला हवं. त्याची ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, फ्लॉपी काकांनी जपून ठेवली होती, पण तिला बुरशी आली होती.

मी वर्गात ऐकलं होतं की विंडोजच्या जागी घालता येणाऱ्या लिनक्समध्ये जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आतच असतात. फुकटही आहे. मोठ्या उत्साहाने नवीन लिनक्स टाकलं... कार्ड दिसेना. जणू कॉम्प्युटरमधल्या त्याच्या खाचेत काही नाहीच.

मग शोध सुरू झाला. एका फोरमवर विचारलं तर कुणी लिहिलं, म्युझियममध्ये द्या. कुणी लिहिलं, नवीन कार्ड स्वस्तात मिळतं, कशाला त्रास घेता. शेवटी एका भल्या माणसाने समजावून सांगितलं की या कार्डाचा ड्रायव्हर नवीन लिनक्समधून काढून टाकलाय. सांभाळणारा माणूस उरला नाही, तपासून बघायला कुणाकडे तसं कार्ड उरलं नाही, की असे ड्रायव्हर काढतात. तो काढला तेव्हाची नोंदही मी शोधून वाचली. हे कार्ड आता कुणी वापरत नसावं, अशा अर्थाचं दोन ओळींत लिहिलं होतं. वाचून मला उगाच वाईट वाटलं. आमच्या गेटवर वापरत होते की.

मग जुनी आवृत्ती शोधून काढली, ड्रायव्हर ज्यात शिल्लक होता ती. तो चढला, पण कार्ड सापडत नाही म्हणायचा. इतक्या जुन्या कार्डाला आपणच दोन आकडे सांगावे लागतात — ते कुठल्या पत्त्यावर बसलंय आणि कुठल्या नंबरने हाक मारतं. आकडे चुकले की कॉम्प्युटर गोठतो. कॉलेज सुटलं की मी रोज केबिनमध्ये जायचो आणि एकेक जोडी घालून बघायचो. पाटोळे म्हणून वॉचमन होते, ते रोज विचारायचे, "काय इंजिनियर, आज तरी बोलणार का तुमचा रेडिओ?"

"बघू," मी म्हणायचो.

"बघा बघा. आमच्या पोरीचं लग्न ठरलं, तुमचं मशीन काय ठरंना."

आठ दिवस असे गेले. त्या आठ दिवसांत शेड दोन चालूच होती, आणि बाबा आत. पेटीला कळलं तरी ती गेटवर सांगणार कशी? बाबांना मी म्हटलं, निदान हे होईपर्यंत दुसऱ्या शेडमध्ये काम मागा. ते म्हणाले, "आरं, मागून मिळतंय व्हय? नको म्हनलं की दुसरा उभा हाय गेटवर."

फोरमवरच्या माणसाने एक सल्ला दिला होता, आधी वायर तपासा. या प्रकारच्या वायरीची एक खोड असते. दोन्ही टोकांना एक छोटी टोपी बसवावी लागते, ती निघाली किंवा वायर मध्ये कुठेही तुटली की सगळी लाइन मरते. अर्धवट चालत नाही. म्हणून एका रविवारी काका मला वायर कुठून गेलीय ते दाखवायला घेऊन गेले. कंपनीच्या नकाशात ती सरळ रेषेत होती. काका तसे चालेनात. ते वाकडे वाकडे, शेडच्या मागून, झाडांच्या कडेने चालत राहिले.

"काका, नकाशात तर इकडून आहे."

"नकशा त्यांचा. चर मी खोदला." मग पायाखाली बोट दाखवून म्हणाले, "यो आमचा बांध. पावसान सगला पानी भरतं, बांधावर नाय भरत. म्हनून मी इंजिनियरला बोल्लो, वायर बांधावरशी ने."

मला तिथं बांध काही दिसला नाही. सिमेंटचे ब्लॉक, गवत, आणि एक मोठं करंजाचं झाड होतं. काका झाडापाशी थांबले. बुंध्याशी मुळांच्या खोबणीत आपट्याची वाळलेली पानं अडकली होती, आसपास आपटा कुठे नसताना. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

काकांचा धाकटा भाऊ, हरी, याच कंपनीत, शेड दोनमध्येच होता. तेव्हा पेटी नव्हती, वायर नव्हती. एका दिवशी गळती झाली. आत आणखी चार माणसं होती, त्यांना काही सुचेना. हरी बाहेर निघाला आणि गेटवर सांगायला धावत सुटला, कारण हूटर गेटवर. बांधाची वाट जवळची, म्हणून तिकडून. या करंजापर्यंत आला आणि पडला.

"गेटपरंत पोचलाच नाय," काका म्हणाले. "त्याच्या मागारी ही पेटी आली, ही वायर आली. मी दर दसऱ्याला त्याला सोना देतंय. इथंच."

तिथून आम्ही दोघं केबिनमध्ये परत आलो.

त्याच दिवशी आकडे सापडले. कॉम्प्युटरचं झाकण मी रोज काढून कोपऱ्यात उभं करत होतो. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास सगळ्या मशीनबरोबर त्याचीही पूजा व्हायची, त्यामुळे झाकणावर बाहेरून, आणि फटींतून गळून आतही, हळद-कुंकवाचा थर होता. काकांनी ओल्या फडक्याने तो पुसला आणि आतल्या बाजूला चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेलं दिसलं — '३००' आणि खाली '५'. मराठी आकड्यांत. अक्षर काकांचंच.

"हा, यो मीच लिवलाय!" काका एकदम म्हणाले. "तो वायरवाला इंजिनियर बोल्ला, लिवून ठेव, कवातरी कामाला येल. मना काय समजला नाय, पन लिवला."

मी ते आकडे टाकले. कार्डाच्या मागचा छोटा हिरवा दिवा लागला. पेटी दर मिनिटाला एक ओळ पाठवते, ती वाचणारा लहानसा प्रोग्राम मी लिहून ठेवला होता. मिनिटभर काही नाही. मग पडद्यावर ओळ आली — शेड टू, नॉर्मल.

पाटोळे खुर्चीतून उठले. "बोलला की हो!"

काका पडद्याकडे बघत होते. दुसरी ओळ आली, तिसरी आली. त्यांनी पडद्यावर हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

मी प्रोग्राममध्ये तीन गोष्टी घातल्या होत्या. नॉर्मल आलं तर नोंद करून गप्प राहायचं. अलार्म आला तर नोंद करून जोरात वाजायचं. आणि कार्डच मिळालं नाही तर 'कार्ड सापडत नाही' एवढीच नोंद करायची, वाजायचं नाही. हे तिसरं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं इथेच येऊन अडतं.

चार दिवस लाइन छान चालली. पाचव्या दिवशी खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी दुपारनंतर मशीन धुऊन-पुसून पूजा करतात आणि दसऱ्याला कशालाच हात लावत नाहीत. मी कॉलेजवरून पोचलो तेव्हा कॉम्प्युटरचं झाकण उघडंच होतं, आदल्या दिवशी मीच विसरलो होतो. आणि पाटोळ्यांनी भक्तिभावाने, झाकण उघडं आहे म्हणून, थेट आतच पूजा केली होती. कार्डावर ओलं हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडूचं भिजलेलं फूल. पडद्यावर ओळी थांबलेल्या.

"पाटोळे, हे काय केलंत?"

"का? चुकलं का काही? मला वाटलं खरा देव आतच असणार."

रागवावं की हसावं कळेना. कॉम्प्युटर बंद केला, वायरचं गोल तोंड सोडवलं, कार्ड उपसून काढलं. त्याच्या सोनेरी दातांवर कुंकू बसलं होतं. ते खोडरबराने हळूहळू घासून, नीट वाळवून मगच बसवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, शेड बंद, आत कुणी असणार नाही. म्हटलं, घरी नेऊन शांतपणे साफ करतो आणि परवा बसवतो. कार्ड रुमालात गुंडाळून बॅगेत टाकलं. बाकीच्या कॉम्प्युटरला ओल लागली नाही ना ते बघायला तो परत चालू केला. चालू झाला, माझा प्रोग्रामही आपोआप सुरू झाला. बंद करायला लागलो तर पाटोळे म्हणाले, "असू दे ना चालू. पूजा केलीय, समई नाही लावली, पडद्याचा तरी उजेड राहू दे." मला काय फरक पडणार होता? वायर टेबलावर मोकळी पडली होती, कॉम्प्युटरमध्ये कार्ड नव्हतं. मी 'राहू दे' म्हटलं आणि निघालो.

दसऱ्याला सकाळी उठलो तर बाबा घरात नव्हते. वाटलं, वाशीला मार्केटात फुलं आणायला गेले असतील, दर वर्षी जातात. मी कार्ड घासलं, उन्हात ठेवलं, संध्याकाळी म्हात्रे काकांना दाखवू म्हणून परत बॅगेत ठेवलं. जेवायची वेळ झाली तरी बाबा नाहीत. आईला विचारलं तर ती पोळी लाटता लाटता खाली बघूनच म्हणाली, "कंपनीत गेल्यात. अर्जंट गाडी भरायची म्हनून साहेबाचा फोन आलता. तुला सांगू नको म्हनले. सणाच्या दिवशी तोंड पाडून बसशील म्हनून."

"शेड दोनमध्ये?"

"मला काय ठावं, बाळा."

मी बॅग उचलली आणि तसाच निघालो. रिक्षा मिळेना, सणाचा दिवस. अर्धा रस्ता पळालो, अर्धा एका टेम्पोवाल्याने सोडलं. वाटभर डोक्यात एकच होतं. पेटी तिथं आहे, बाबा तिथं आहेत, आणि गेटपर्यंत सांगणारी वस्तू माझ्या पाठीवर आहे. मीच काढून आणलीय.

लांबूनच हूटर ऐकू आला.

गेटवर माणसं होती. पाच जण रस्त्याच्या कडेला बसलेले, एक ओकत होता, एकाच्या डोळ्यांवर पाटोळे पाणी मारत होते. पाचवे बाबा, सगळ्यांच्या मागे कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले होते. डोळे लाल, श्वास लागलेला, पण बसले होते. मी जवळ गेलो तर त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात.

"सगळ्यांत आत मी होतो रं," ते म्हणाले. "वास यायच्या आधी हूटर झाला. वास आल्यावर निघालो असतो तर..." पुढे खोकला आला.

पाटोळे माझ्याकडे धावत आले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. नेमकी बॅगेवर. "इंजिनियर, तुमचं मशीन वाजलं! असं कोकललं की मी जेवता जेवता उठलो. डबा तसाच ठेवून बटण दाबलं. वाचवलंत हो पाच जणांना!"

मी केबिनमध्ये गेलो. टेबलावर पाटोळ्यांचा अर्धा खाल्लेला डबा होता. त्याच्या शेजारी वायरचं गोल तोंड, मी ठेवलं होतं तसंच, मोकळं. कॉम्प्युटरचं झाकण उघडं. आत खाच रिकामी. खाचेत एक अक्षता अडकली होती.

बॅग उघडली. रुमालात कार्ड होतं.

मग नोंदी बघितल्या. आदल्या दिवशी संध्याकाळपासून प्रत्येक मिनिटाला एकच ओळ — कार्ड सापडत नाही. कार्ड सापडत नाही. शेकडो ओळी. दसऱ्याच्या दुपारी एक चाळीसला मध्येच एक वेगळी ओळ — शेड टू, अलार्म. एक एकेचाळीसपासून परत, कार्ड सापडत नाही.

मी कार्ड परत रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलं. बाहेर पाटोळे साहेबांना फोनवर माझं नाव सांगत होते.

मी कुणाला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण बाबा त्या रस्त्याच्या कडेला बसून बाकीच्या चौघांना सांगत होते, "माझ्या पोरानं बसवलंय ते." इतक्या वर्षांत त्यांना असं अभिमानाने बोलताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फक्त म्हात्रे काकांना सांगितलं. कार्ड त्यांच्या हातात दिलं, सगळं सांगितलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"काका, तुम्हाला काय वाटतं?"

"मना काय वाटल त्याचा काय?" ते म्हणाले. "तू ह्यो कोनाला बोलू नको. तुझ्या बापाला तं नकोच नको. त्याला परत त्याच शेडमंदी जायाचा हाय. वायर हाय, मशीन हाय, आपला पोऱ्या हाय, या भरवशान तो जातंय. तो भरवसा काढून त्याला काय देशील?"

मग कार्ड रुमालात परत गुंडाळून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. त्या दिवशी ते करंजाकडे गेले का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

कॉलेजच्या एका सरांना कंपनीचं नाव न घेता नोंदी दाखवल्या. सर म्हणाले, जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतं, कार्ड काढायच्या आधीची ओळ तिथं घुसली असेल. मी म्हटलं, सर, सेल नवीन आहे, वेळ मोबाइलशी जुळते. मग म्हणाले, तुझ्या प्रोग्राममध्ये बग असेल. असू शकतो. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. कार्ड नसताना तो वाजू शकतो अशी एकही जागा मला त्यात सापडलेली नाही. आणि समजा बगच असेल, तर चोवीस तासांत तो नेमका त्याच मिनिटाला का वाजला? यावर सर म्हणाले, योगायोग. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

नंतर मी कार्ड पुन्हा बसवलं. तेच आकडे, हिरवा दिवाही लागला. पण पेटीची एकही ओळ आली नाही. महिनाभर प्रयत्न केले, टोकाच्या टोप्या बदलल्या, पेटी उघडून बघितली... ती लाइन त्यानंतर पुन्हा कधी बोलली नाही. शेवटी साहेबांनी नवी वायर टाकायचं मंजूर केलं. शेडमध्ये नवा भोंगाही बसणार आहे. तोवर पाचही जणांना गळ्यात अडकवायचं गॅस मोजायचं छोटं यंत्र दिलंय. बाबा त्याच शेडमध्ये जातात. खोकला अजून पूर्ण गेलेला नाही.

माझ्याकडे आजही याचं उत्तर नाही. जाणकारांनी काही सुचवलं तर मी ते मनापासून तपासून बघेन. प्रोग्रामची चूक निघाली तर मला सगळ्यांत जास्त आनंद होईल, खरंच सांगतो.

एवढं लिहून मी थांबणार होतो. पण गेल्या आठवड्यात नव्या वायरीसाठी खोदकाम सुरू झालं. मी कॉलेजात होतो, प्रॅक्टिकल चालू होतं, तेव्हा बाबांचा फोन आला. ते कामाच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. मी घाबरून बाहेर पॅसेजमध्ये आलो.

"ओंकार, ती जुनी वायर रं... तुटलेली निघाली."

"आता खणताना तोडली असेल त्यांनी."

"न्हाय न्हाय. मी सोता बघितलं. दोन्ही टोकं हिरवी पडल्यात, आतली तार पार सडून गेलीय. मधनं झाडाचं मूळ गेलंय, माझ्या मनगटाएवढं. जेसीबीवाला म्हनतोय, धा-पंधरा वर्सं तरी झाली आसतील." ते थांबले. मागे मशीनचा आवाज येत होता. "मग तुझं ते मशीन वाजलं कशावर रं?"

चार दिवस पडद्यावर आलेल्या ओळी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. शेड टू, नॉर्मल. शेड टू, नॉर्मल. त्याही याच वायरीवरून आल्या होत्या. मी विचारलं, "बाबा, कुठं तुटलीय?"

"त्या करंजाखाली," बाबा म्हणाले. "काका पानं ठेवत्यात ना, नेमकं तिथंच."